शुक्रवारची बिनमिठाची फोड

मीठ टाकलं की कुठलाही टोमॅटो बरा लागतो. हे मला साठीला आल्यावर कळलं, आणि ज्या कारणाने कळलं ते कारण घरात आलं नसतं तर मी जन्मभर अडाणी राहिले असते तरी चाललं असतं.

आमच्या ह्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या. दर मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिस सुरू झालं. पहिल्याच आठवड्यात दवाखान्यातल्या आहार सांगणाऱ्या मुलीने आम्हा दोघांना समोर बसवलं आणि एक छापील कागद दिला. केळी नको, नारळपाणी नको, बटाटा नको, पालक नको, मीठ जवळजवळ नाहीच, पाणी दिवसाला एक लिटर. हे पाटबंधारे खात्यात कारकून होते. आयुष्यभर लोकांच्या कालव्याचं पाणी मोजलं आणि आता स्वतःचं पाणी मापाच्या बाटलीतून प्यायची वेळ आली, असं म्हणून हे तिच्यासमोर हसले. मग कागदाच्या खालच्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, टोमॅटो अजिबातच नाही का?

तिने समजावून सांगितलं. टोमॅटोत जे काही असतं ते किडनी नसलेल्या माणसाच्या रक्तात साचतं, आणि जास्त साचलं तर हृदय बंद पडतं. ह्यांचा चेहरा इतका उतरला की तिलाच वाईट वाटलं असावं. आत जाऊन डॉक्टरांना विचारून आली आणि म्हणाली, शुक्रवारी सकाळी, इकडे यायला निघण्याआधी, एक पातळ फोड चालेल. मीठ मात्र लावायचं नाही.

एका टोमॅटोसाठी एवढं काय, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं. ह्यांचं गाव वणीच्या बाजूला. घरात टोमॅटोची शेती होती. लहानपणापासून ताटात चिरलेला टोमॅटो नसेल तर ह्यांचं जेवण पुरं व्हायचं नाही. लग्नानंतर पहिल्याच दिवशी मी मेलीने कौतुकाने कोशिंबीर करून वाढली, तर हे म्हणाले, त्या टोमॅटोचं वाटोळं कशाला केलंस, नुसता चिरून दे.

पहिल्या शुक्रवारी मी बाजारातला लालभडक टोमॅटो घेतला आणि पातळ फोड कापून बशीत ठेवली. ह्यांनी ती तोंडात टाकली, थोडी चावली आणि पुन्हा बशीत काढून ठेवली. म्हणाले, कापूस आहे हा. माझ्या डोक्यात तिडीक गेली. माझा स्वभाव तापट आहे, ते काही लपवण्यासारखं नाही. मी म्हटलं, इथे जिवावर बेतलंय आणि तुमचे जिभेचे चोचले काही संपत नाहीत. हे चिडले नाहीत. बशीकडे बघत एवढंच म्हणाले, "आठवड्याला एकच फोड खायचीय गं. तीही असली?"

ते वाक्य माझ्या काळजात रुतून बसलं. रिक्षात बसेपर्यंत मी मनात ठरवून टाकलं की ह्या माणसाला मीठ न लावता चांगला लागेल असा टोमॅटो मी शोधून काढीन. बाजारात नसेल तर घरी पिकवीन.

आता माझं माहेर जुन्या नाशकातलं. माती मी हातात घेतली असेल ती गणपतीच्या मूर्तीपुरती. पंचवटीच्या बाजूला आमचं छोटं रो-हाउस आहे, त्याच्या मागे कपडे धुवायची अरुंद जागा. तिथे दुपारपर्यंत ऊन येतं. मी रंगाचे पाच रिकामे डबे आणले आणि तळाला भोकं पाडली. माती आणि शेणखत आणून ठेवलं. हे मागच्या दाराच्या पायरीशी खुर्ची टाकून बसायचे आणि तिथून हुकूम सोडायचे. माती एवढी दाबू नकोस. पाणी पानांवर नको, मुळाशी घाल. बगलेतल्या फुटी खुडून टाक, नाहीतर नुसतं झाडच वाढेल. मी म्हणायची, एवढं येतं तर उठून करा. मग आपणच जाऊन त्यांच्या पायावर शाल टाकायची.

बियांसाठी मी जंग जंग पछाडलं. रोपवाटिकेतून एक रोप आणलं, आमच्या जिल्ह्यात सगळे लावतात त्या टणक लांबट जातीचं. त्याच्याच शेजारून बोराएवढ्या छोट्या टोमॅटोचं एक घेतलं. मुलगी पुण्याला असते, तिने दोन पाकिटं मागवून पाठवली, एक पिवळ्या टोमॅटोचं आणि एक काळपट लाल जातीचं. चार डबे भरले.

पाचवं बी मिळालं ते पंचवटीच्या भाजीबाजारात. श्रावणात सुरगाण्याकडच्या बायका रानभाज्या घेऊन बसतात. त्यातल्या एकीच्या पोत्यावर भाजीच्या कडेला सात-आठ टोमॅटो होते. चपटे, खाचा पडलेले, देठाशी हिरवे, दिसायला अगदीच गबाळे. कसे दिले, विचारलं तर म्हणाली, हे विकायचे नाहीत, खायला आणलेत. भाकरीची फडकी सोडलेली होती आणि तिने खरंच एक टोमॅटो हाताने फोडून भाकरीबरोबर खायला घेतला. मी विचारलं, मीठ नाही का घेत? ती माझ्याकडे बघून म्हणाली, "ह्याला मीठ नाय लागत, बाई."

मी तिथेच उकिडवी बसले. ह्यांच्या आजाराचं सगळं सांगितलं. एरवी मी परक्या माणसाला घरातलं काही सांगत नाही, पण त्या दिवशी सांगितलं. तिने दोन टोमॅटो माझ्या पिशवीत टाकले आणि बी घरचंच आहे म्हणाली. ते दोन्ही मी कापून बी काढलं. ह्यांना त्यातली फोड दिली नाही, कारण त्या दिवशी शुक्रवार नव्हता. नियम म्हणजे नियम, असा माझा खाक्या. बी राखेत चोळून ताटलीत वाळवलं, तेही ह्यांनीच शिकवलं. तेव्हाच सांगितलं की त्यांची आई झाडावरच्या सगळ्यात चांगल्या फळाला लाल चिंधी बांधायची. चिंधी बांधली की ते फळ बियाण्याचं झालं, मग घरात कुणीही आलं तरी त्याला हात लावायचा नाही. ह्यांनी लहानपणी एकदा तसलं फळ खाल्लं होतं आणि आईने बदडून काढलं होतं.

चोरून खायची सवय मात्र गेली नव्हती. आजारपणातही लोणच्याच्या बरणीत बोट बुडवायचे. आंघोळीच्या वेळी नळाचं पाणी प्यायचे आणि मिशा पुसून बाहेर यायचे. मी आकांडतांडव करायची. हे म्हणायचे, बरं, आता नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

थंडी पडली तशी फळं रंगावर आली. मग दर शुक्रवारी एका झाडाची परीक्षा सुरू झाली. हे फोड खाऊन स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या शुक्रवारच्या चौकटीत आपल्या बारीक कारकुनी अक्षरात निकाल लिहायचे. बोराएवढ्या टोमॅटोला लिहिलं, गोड आहे पण टोमॅटो नाही. टणक लांबट टोमॅटो खाऊन म्हणाले, हा खायला नाही, ट्रकात बसायला जन्मलाय, आणि चौकटीत लिहिलं, प्रवासी. काळपट लालला लिहिलं, बरा, मीठ असतं तर. पिवळ्याला नुसतं, पाणचट. मला त्या निकालांची इतकी सवय झाली की शुक्रवारी डायलिसिस आहे हे मी विसरायची आणि आज कुठला टोमॅटो, एवढंच डोक्यात असायचं. तेवढे दीड-दोन महिने घरात हसणं होतं, हे मी कबूल करते.

पाचवं झाड किरकिरं निघालं. पानं आखडली, खालची करपली. मुलगी फोनवर बघून म्हणाली, उपटून टाक, बाकीच्यांना रोग लागेल. मी नाही उपटलं. त्याला तीनच फळं धरली. पहिलं पिकलं ते संक्रांतीनंतरच्या शुक्रवारी. मी पातळ फोड कापून दिली. ह्यांनी चावली, चावता चावता थांबले आणि माझ्याकडे संशयाने बघितलं.

"मीठ लावलंस का गं?"

मला रागच आला. मी म्हटलं, मी काय तुमच्या जिवावर उठलेय का मीठ लावायला? ह्यांनी उरलेला टोमॅटो माझ्यापुढे सरकवला. मी ओट्याशी उभ्या उभ्या खाल्ला. आधी आंबट लागला, मग गोडसर, आणि शेवटी जिभेच्या कडेला खरंच खारट लागलं. कॅलेंडरवर ह्यांनी एकच अक्षर लिहिलं, हा.

राहिली दोन फळं. एकाला अळी लागली, ते गेलं. शेवटचं मात्र मोठं झालं, चांगलं भरलं. गुरुवारी संध्याकाळी हे खुर्चीवरून त्याच्याकडे बघत म्हणाले, उद्या तो काप. मी म्हटलं, तो बियाण्याला ठेवायचा, झाड आता जगत नाही. त्यावर हे म्हणाले, "पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू. उद्याचा शुक्रवार तर खाऊ दे."

एवढंच म्हणाले. पण त्या दिवसांत ह्यांचं असंच चाललं होतं. पेन्शनचे कागद कुठल्या कपाटात आहेत ते दाखवायचे. विजेचं बिल फोनवरून कसं भरायचं ते माझ्याकडून दोनदा करून घेतलं. मला त्या सगळ्याचा राग यायचा, कारण मला भीती वाटायची. पुढचं वर्ष बघायचंच नाही असं ठरवून बसलाय हा माणूस, असं मनात आलं आणि माझा तोल गेला. मी आत जाऊन जुना लाल ब्लाउज टराटरा फाडला, त्याची चिंधी घेऊन आले आणि ह्यांच्यादेखत त्या फळाच्या देठाला बांधली. म्हटलं, पुढच्या वर्षी ह्याच बियांची पाच झाडं लावायची, आणि दर शुक्रवारी तुम्हाला ह्याचीच फोड. आता ह्याला हात लावायचा नाही.

हे म्हणाले, "बरं."

शुक्रवारी मी पिवळ्याची फोड दिली. हे निमूटपणे खाऊन रिक्षात बसले. शनिवार, रविवार नेहमीसारखे गेले. सोमवारी सकाळी आंघोळ करून आले, खुर्चीत बसले, चहा गाळायला मी पाठ वळवली तेवढ्यात मान टाकली. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. मी वेड्यासारखी त्यांना विचारत होते की टोमॅटोने तर नाही ना? ते म्हणाले, नाही हो, एका फोडीने काय होणार?

एका फोडीने काय होणार. ते वाक्य तेव्हापासून माझी पाठ सोडत नाही.

दहावा झाला, तेरावा झाला, माणसं पांगली. मुलगीही पुण्याला गेली. मग मी मागचं दार उघडलं. पाणी न मिळाल्याने सगळी झाडं माना टाकून पडली होती. पाचव्यावर ते फळ तसंच लटकत होतं, गडद लाल, पार मऊ झालेलं, देठाला चिंधी. मी पायरीवर बसले आणि ते फळ हातात घेऊन सगळ्या बाजूंनी फिरवून बघितलं. मला फार आशा होती. चोरून खाण्यात एवढा पटाईत माणूस, शनिवारी नाहीतर रविवारी, मी देवळात गेले होते तेव्हा, भिंतीकडच्या बाजूने एक चावा तरी घेतला असेल. निदान नखाने कोरलं असेल. काही नव्हतं. फळ अख्खं होतं. छत्तीस वर्षांच्या संसारात ह्या माणसाने माझं कधी ऐकलं नाही, आणि नेमकं हे ऐकलं.

आत येऊन कॅलेंडर बघितलं. त्या शेवटच्या शुक्रवारच्या चौकटीत पिवळ्याचा निकाल नव्हता. लिहिलं होतं, बी धरलं.

मी बी काढलं, राखेत चोळलं, वाळवलं. पुढच्या पावसाळ्यात पाच डब्यांत पाच झाडं लावली. बोलले होते ना. पाचही जोमाने वाढली, एकालाही रोग लागला नाही, थंडीत फळांनी वाकली. पहिलं पिकलं त्या शुक्रवारी मी पातळ फोड कापली आणि बिनमिठाची खाल्ली. चव तीच होती. आधी आंबट, मग गोडसर, शेवटी खारट. चव बदलली असती तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. मी म्हणाले होते तसं पुढचं वर्ष आलं होतं, सगळं आलं होतं.

मुलगी म्हणते, आई, बी ठेव, अशी जात पुन्हा मिळायची नाही. मी हो म्हणते. लाल ब्लाउजचा उरलेला तुकडा कपाटात आहे. पण ह्या वर्षी मी एकाही फळाला चिंधी बांधली नाही. सगळ्यात चांगलं जे दिसलं, ते त्याच दिवशी कापलं. शुक्रवार आहे का, तेही बघितलं नाही.