हेल्मेटवरचा कॅमेरा आणि आमची विहीर

धाकटा दीर पुण्याहून आला की त्याच्याबरोबर एखादं नवं शहाणपणही येतं. गेल्या उन्हाळ्यात हेल्मेटवर बसवायचा कॅमेरा आला. अंतराळवीर यानाबाहेर काम करतात तेव्हा त्यांच्या हेल्मेटवर असाच कॅमेरा असतो, आणि पृथ्वीवर बसून साहेब लोक एकेक स्क्रू पाहतात, हे त्याने मोबाइलवर दाखवलं. चित्रात अंतराळवीर दोन होते. एक काम करत होता, दुसरा त्याच्या जवळच. तेवढं मात्र दिराच्या डोक्यात शिरलं नाही.

दुसऱ्या दिवशी शेतातल्या विहिरीत मोटर गाळात रुतली. माझा नवरा कमरेला दोर बांधून उतरायला निघाला. आमच्याकडे एक तळाला गेला की दुसरा मधल्या पायरीवर बसून त्याच्यावर नजर ठेवतो. आमचा गडी तसा उतरू लागला, तर दिराने त्याला अडवलं. पुण्याचा झाल्यापासून त्याला आपली बोलीही नको झाली आहे. "मी बघतोय ना सगळं. तू वर दोर धर."

मग हा उंटावरचा शहाणा हेल्मेट नवऱ्याच्या डोक्यावर चढवून निंबाखाली खाटेवर बसला आणि मोबाइलमध्ये पाहून हुकूम सोडू लागला. "दादा, जरा डावीकडे!" शेजारचे रिकामटेकडे भोवती जमले. "काय क्लिअर दिसून राह्यलं बे!" माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता.

थोड्या वेळाने पडद्यावर एक शेवाळलेला दगड आला आणि तिथेच राहिला.

"बघा, आता चित्र अजिबात हलत नाही," दीर खुशीत म्हणाला.

काम करणाऱ्या माणसाचं डोकं इतकं स्थिर राहतं कधी?

"वर ओढा त्याईले! ओढा!" मी ओरडले आणि धावत जाऊन दोराला हात घातला.

"वहिनी, थांबा, तो मोटर बघतोय."

गड्याने त्याचं ऐकलं नाही, हे माझं नशीब. नवरा वर आला तो मान टाकून, ओठ काळेनिळे. तळाशी हवा कोंदली होती. बऱ्याच वेळाने तो खोकला, तेव्हा मी रडले, आणि रडता रडता दिराला जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

संध्याकाळी त्याने तो व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकला. नातेवाइकांनी लाइकचे अंगठे टाकले. मी एकदाच पाहिला. तिथे माझा नवरा मरत होता, आणि अख्ख्या व्हिडिओत त्याचं तोंड एकदाही दिसत नाही.