जातेबाई

सिस्टर निघताना कधी 'येते' म्हणत नसत. सरळ 'जाते' म्हणायच्या, चपला पायात सरकवायच्या आणि जिना उतरायला लागायच्या. आमच्याकडे असं कुणी बोललं तर घरातली मोठी माणसं दचकतात. 'जातो' म्हणायचं नसतं, 'येतो' म्हणायचं, हे आम्हाला बोलायला शिकतानाच शिकवलेलं. आणि ही बाई रोज सकाळी विश्रांतवाडीच्या आमच्या फ्लॅटच्या दारात उभी राहून खणखणीत आवाजात सांगायची, "झालं हं आजी. जाते."

आजी म्हणजे माझी आई, आणि सिस्टर म्हणजे तिचं सगळं करायला रोज घरी येणाऱ्या नर्स. पक्षाघातानं तिचं अर्धं अंग गेलं होतं, जीभ मात्र होती तशी शाबूत. पहिल्याच आठवड्यात तिनं सिस्टरना फैलावर घेतलं.

"अहो, घरात माणूस मरायला टेकलंय आणि जाते काय म्हणता? येते म्हणा!"

"आजी, येते म्हटलं की वायदा झाला. मी येशूच्या मागून चालणारी बाई. पुढचा कुठं वळेल ते मागच्याला काय ठाऊक?"

"मग त्याला विचारून ठेवा आणि उद्या वेळेवर या. पाठीला जखमा मला झाल्यात, त्याला नाही."

"त्यालाही होत्या, आजी," असं म्हणून सिस्टरनी तिला अलगद कुशीवर वळवलं. त्या दिवशी शेवटचा शब्द सिस्टरचा झाला. पण हार मानेल ती आई कसली! दुसऱ्या दिवसापासून बेल वाजली की ती कॉटवरून ओरडायची, "दार उघड गं, आलं बघ जातं!" त्यावरून आमच्या घरात त्यांचं नाव जातेबाई पडलं. त्यांना ते कळलं तेव्हा त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

त्या मूळच्या नगरकडच्या, खेड्यातल्या ख्रिस्ती घरातल्या. सगळी नोकरी सरकारी दवाखान्यात झाली आणि निवृत्तीनंतर अंथरुणाला खिळलेल्या माणसांकडे घरोघर जायला लागल्या. आईच्या पाठीची जखम धुताना मला वास सहन व्हायचा नाही. मी ओढणी नाकाला लावायची. त्यांनी मला एकदा स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं, "नाक दाबू नका. त्यांना दिसतं." एवढंच. मला इतकी लाज वाटली की त्यानंतर मी ओढणी घेणंच सोडून दिलं.

येशूबद्दल त्या आपणहून बोलत नसत. विचारलं तर मात्र लपवतही नसत. एकदा मी खोचकपणे म्हटलं, "सिस्टर, तुमचा येशू तुमच्याशी बोलतो का हो?" मला वाटलं, आता अर्धा तास प्रवचन. त्या जखमेच्या पट्ट्या कापता कापता म्हणाल्या, "एकदा हाक मारल्यासारखं वाटलं होतं. एकोणीस वर्षांची होते. त्यानंतर काही नाही." मी विचारलं, "काहीच नाही?" तर म्हणाल्या, "मुलगा तापानं गेला तेव्हा खूप विचारलं. नाहीच बोलला. तीन दिवस मीही बोलले नाही. चौथ्या दिवशी ड्युटी होती."

"मग खरंच हाक मारली होती की तुम्हालाच वाटलं?"

"हेच मी रोज विचारते," त्या म्हणाल्या आणि कात्री उकळायला ठेवायला उठल्या.

आई गेल्यावर त्यांचं आमच्याकडे काही काम उरलं नव्हतं. तरी रविवारी चर्चमधली उपासना आटोपली की त्या चहाला यायच्या. भाऊ परदेशात, माझं लग्न झालेलं नाही. खराडीच्या ऑफिसात दिवसभर शंभर माणसांशी बोलायचं आणि घरी येऊन टीव्हीशी. आईनंतर माझं म्हणावं असं माणूस या शहरात तेवढंच होतं. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही, कारण आमच्याकडे असलं काही सांगायची पद्धत नाही.

अशाच एका रविवारी त्यांनी कात्रजच्या माणसाची गोष्ट काढली. चाळिशीचा, रिक्षा चालवणारा. औषधांना दाद न देणारा टीबी झाला होता. घरच्यांनी गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवला होता आणि ताट जिन्यात ठेवून खाली पळत होते. दोन नर्स येऊन पळून गेल्या होत्या.

"तुम्ही जाणार नाही आहात," मी म्हटलं.

"उद्यापासून जाते."

"अहो, तुम्हाला साखर आहे, छाती नाजूक. वय काय तुमचं? डोकं ठिकाणावर आहे ना? येशूनं सांगितलं का तुम्हाला?"

"नाही सांगितलं."

"मग?"

"नको असंही नाही सांगितलं. भीती वाटतेच गं मला. काल झोप नाही लागली. पण मागं चालायचं म्हणजे बरी वाट तेवढी निवडायची असं नसतं ना?"

त्या मला पहिल्यांदाच 'अगं-तुगं' करून बोलल्या होत्या. मी चिडून म्हटलं, "निदान आज तरी येते म्हणा. माझ्यासाठी." त्यांनी माझ्या गालाला हात लावला. म्हणाल्या, "जाते," आणि गेल्या.

रोज दोन बस बदलून त्या कात्रजला जायच्या. दुपारी पत्र्याची खोली भट्टी व्हायची. तो माणूस अंगावर थुंकायचा, आईबहिणीवरून शिव्या द्यायचा. एकदा त्यानं विचारलं, "तुझा देव आंधळा आहे का?" सिस्टर म्हणाल्या, "मीही तेच विचारलंय. उत्तर आलं की सांगते. आता कूस बदला." पाच महिन्यांनी तो गेला. शेवटपर्यंत त्यानं त्यांना एक गोड शब्द दिला नाही. त्याचं काही पालटलं वगैरे नाही, उगाच सांगत नाही. फक्त घाणीत पडून मेला नाही, एवढं झालं. मी विचारलं, "काय मिळवलंत?" तर म्हणाल्या, "चादर स्वच्छ होती."

मग सिस्टरना खोकला सुरू झाला. मास्क लावून उपासनेला गेल्या तरी चर्चच्या मंडळीतली माणसं बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकायला लागली. पाळकसाहेबांनी, म्हणजे तिथल्या धर्मगुरूंनी, फार गोड शब्दांत काही दिवस घरीच प्रार्थना करायला सुचवलं. हे त्यांनीच मला सांगितलं. तेवढं एकच मी त्यांच्या तोंडून तक्रारीसारखं ऐकलं. मला त्या सगळ्या मंडळीचा असा संताप आला की विचारू नका. नंतर आठवलं, ओढणी नाकाला लावणारी मीच होते.

दवाखान्यात त्या अगदी एवढ्याशा झाल्या होत्या. मी सुट्टी काढून रोज जात होते. एका दुपारी डॉक्टरांनी अतिदक्षता विभागात हलवायचं ठरवलं. वॉर्डबॉय स्ट्रेचर आणायला गेला तेवढ्यात मी विचारलं, "सिस्टर, तुमचा येशू आहे ना जवळ?" मला वाटलं, निदान आता तरी हो म्हणतील. त्यांनी तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क जरा उचलला. "दिसत नाही गं," म्हणाल्या. "फार भीती वाटते. पण इतकी लांब आले. आता परत कुठं फिरू?"

मला रडू फुटलं. मी म्हटलं, "सिस्टर, आज जाते म्हणू नका. तुम्हाला माझी शपथ आहे." स्ट्रेचर हललं. त्यांचे डोळे मिटलेले होते, तोंड पुढच्या दाराकडे. दारातून आत जाताना मास्कच्या आतून आवाज आला. बारीक, पण स्पष्ट. "येते."

काय सांगू मला काय वाटलं ते! घरी धावत आले, मुगाची खिचडी टाकली, मऊ शिजवली. इतक्या वर्षांत न दिलेला वायदा बाईनं मला दिला होता. डबा भरत होते तेवढ्यात दवाखान्यातून फोन आला.

मी त्यांच्यावर कितीतरी दिवस रागावले होते. आयुष्यभर खोटं न बोललेली बाई माझ्याशीच खोटं बोलली, आणि तेही जाताना. दफनाला मी गेले, पण माती टाकताना मनात तोच राग होता. पाळकसाहेब चांगलं बोलले. आता सगळेच चांगलं बोलत होते.

परवा ऑफिसातून आल्यावर मी आत कपडे वाळत घालत होते. शेजारच्या काकूंनी दारातून हाक मारली आणि मी हातातला पिळा तसाच ठेवून ओरडले, "येते, येते!" आणि तिथंच थबकले. येते आपण निघतानाच म्हणतो असं थोडंच आहे? कुणी हाक मारली की ओ देतानाही म्हणतो. काकू दारात वाट बघत होत्या आणि मी दोरीला धरून रडत होते.

जातेबाईला दवाखान्यातल्या त्या दारात पुन्हा हाक ऐकू आली का, मला माहीत नाही. कदाचित माझ्या शपथेखातर म्हणाली असेल. खात्री मला नाही. तिला तरी कुठं होती?