सगळं सांगणाऱ्या सुलभाताई

सुलभाताई जगदाळे यांची आणि माझी पहिली भेट प्रसूतिगृहात झाली. मी जन्मापासून कर्णबधिर, त्या सांकेतिक भाषेच्या दुभाषी. मी कळा सोसत असताना एक परिचारिका काहीतरी बोलली आणि बाकीच्या हसल्या. ताईंनी तेही मला हातांनी सांगितलं : "म्हणतेय, असल्यांना पोरं कशाला पाहिजेत."

पुढे मी रागानेच विचारलं, हे सांगायची गरज होती का? त्या म्हणाल्या, "बोलणं तुमच्याविषयी होतं. ते लपवणारी मी कोण?"

ताईंच्या मृदू स्वभावाबद्दल या गौरवग्रंथात इतर लिहितीलच. मला त्यांच्यावर झालेला अन्याय नोंदवायचा आहे.

लासूर स्टेशनची रेणुका कर्णबधिर आहे आणि स्वमग्नही. ती कुणाच्या डोळ्यांत पाहत नाही, अंग डोलवते, विचारलेला प्रश्न आधी स्वतःच्या हातांनी करून पाहते आणि मग सावकाश उत्तर देते. शहरातल्या एका संस्थेत शिवणवर्गाच्या प्रवेशासाठी तिची मुलाखत होती. तिच्या आईसोबत मीही गेले होते. काय काय शिवता येतं, असं प्रमुखांनी विचारलं. रेणुकाने तो प्रश्न हातांनी परत केला, तोच साहेब म्हणाले, "हिला काही समजत नाही. पुढच्या मुलीला बोलवा."

"ती उत्तर देते आहे. थोडं थांबा," ताई म्हणाल्या. बोलता बोलता त्या सगळं आम्हालाही हातांनी सांगत होत्या.

"तुम्ही दुभाषी आहात की तिच्या वकील?"

आईने हात जोडले. "लई हुशार हाय साहेब माझी पोरगी. जरा दम धरा."

तेवढ्यात रेणुकाचं उत्तर आलं : परकर, झबलं, आणि काज हातानेच. ताईंनी ते मोठ्याने सांगितलं.

साहेब हसले. "हे तिचं, की तुम्ही मनचं जोडलंत?"

प्रवेश नाकारला गेला. पक्षपाती म्हणून त्या संस्थेने ताईंना बोलावणं बंद केलं. रेणुकाकडे ज्यांनी धड पाहिलंही नव्हतं, ते तटस्थ ठरले. मी निषेधाचं पत्र घेऊन कर्णबधिरांसाठी काम करणाऱ्या आपल्या वर्तुळात दारोदार फिरले. एकाचीही सही मिळाली नाही. त्यांतले कितीतरी जण आज सत्कार समितीत आहेत.

रेणुका घरीच आहे. गाव तिला वेडी म्हणतं. ताई दर रविवारी लासूरला जातात, तिच्या शेजारी बसतात, तिच्या चालीने बोलतात. तिच्याशी असं बोलणारं तिथं दुसरं कुणीही नाही.

ताई, आपली साठी पूर्ण होत आहे. आपल्याला उदंड आयुष्य लाभो, आपले हात कधी थकू नयेत. ही नुसती रीत म्हणून दिलेली शुभेच्छा नाही. रेणुका अजून पंचविशीचीही झालेली नाही.