सोबतीला आलेले आबा

आबा नेहमी आमच्याकडे पाठ करून बसायचे. जालन्याच्या आमच्या कॉलेजात फॅशन डिझाइनचा वर्ग तळमजल्यावर होता. खिडकीबाहेर कडुनिंब, त्याच्याखाली सिमेंटचा बाक आणि बाकावर धोतर, बंडी, पांढरी टोपी घातलेली आबांची पाठ. वर्गात आम्ही सगळ्या मुलीच. पहिल्या आठवड्यात आम्हाला वाटलं, म्हाताऱ्याला आमचे कपडे बघवत नसतील. मी जालन्यातल्याच मस्तगडची, भांड्यांच्या दुकानावर वाढलेली, त्यामुळे तोंड बंद ठेवायची सवय नाही. मधल्या सुट्टीत जाऊन सरळ विचारलं, की आबा, आम्ही एवढ्या वाईट दिसतो का?

"मेंढरं राखणारा मेंढराकडं बघत बसत न्हाई, बाई," ते म्हणाले. "लांब बघतो. लांडगा काय कळपात अस्तो का? तो लांबून येतो."

"म्हणजे आम्ही मेंढरं?"

"न्हाई. मेंढरं गप चरत्यात. तुम्ही बकऱ्या."

त्या दिवसापासून आमची गट्टी जमली. आबा शीतलचे आजोबा. शीतल माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची. बदनापूरपासून थोडं आत तिचं गाव. तरुणपणी आबांनी मेंढरं वळली, पुढे जमीन घेतली, आता शेती तिचे वडील बघत होते. बारावी झाल्यावर शीतलनं फॅशन डिझाइनला जायचं म्हटलं, तेव्हा घरात आधी सगळे हसले. वडील म्हणाले, शिवणच शिकायचं तर मशीन घरी आणून देतो. ती हटेना तेव्हा ते म्हणाले, जालन्याला रोज एकटी जाणार नाहीस. घरातलं कोणी सोबत असेल तर जा. घरात रिकामं कोणी नव्हतं. त्यांनी जाणूनबुजून तसं म्हटलं असावं, असं मला अजून वाटतं. आबा ओसरीवर जेवत होते. ते म्हणाले, "मी रिकामाच हाय की. मी जातो संगं."

अशी ती अट पडली. आबा जातील तोवर शीतल शिकणार. आबा थांबले की शिक्षण थांबलं आणि आलेली स्थळं बघायला सुरुवात झाली. हे शीतलला माहीत होतं, आबांना माहीत होतं आणि महिन्याभरात आम्हा सगळ्यांनाही माहीत झालं. त्यामुळे आबा शिंकले तरी आमचा जीव वरखाली व्हायचा.

सकाळी गावातून काळ्या-पिवळ्या जीपनं बदनापूर, तिथून पॅसेंजरनं जालना, स्टेशनवरून कॉलेजपर्यंत चालत. शीतलच्या हातात फक्त पर्स. पॅटर्न काढायच्या खाकी कागदाच्या लांबलचक गुंडाळ्या आबांच्या खांद्यावर. डब्यातले लोक विचारायचे, आबा, हे नकाशे कशाचे? आबा सांगायचे, "पोरीचं शेत मोजून राह्यलो." कोणी जास्त खोदून विचारलं तर म्हणायचे की शेत मोठं आहे, तीन वर्षं लागतील.

आज वर्गात काय शिकवलं, असं त्यांनी शीतलला कधी विचारलं नाही. परतीच्या वाटेवर त्यांचा एकच प्रश्न असायचा, "उद्या काय लागतं?" बटणं लागायची, अस्तर लागायचं, कधी वाळलेली पानं नाहीतर कांद्याची सालं लागायची, कारण आम्ही कापड रंगवायला शिकत होतो. आबा सगळं आणायचे. कांद्याची सालं तर त्यांनी पोतंभर आणली. सगळ्या वर्गाला पुरून उरली आणि आठवडाभर आमच्या ओढण्यांना झणका येत होता.

कपड्यांतलं आबांना काही म्हणजे काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायची हौसही नव्हती. पण चित्रं बघायला त्यांना आवडायचं. फॅशनच्या चित्रातली बाई खऱ्या बाईपेक्षा बरीच उंच काढतात. पाय संपता संपत नाहीत. माझं चित्र त्यांनी हातभर लांब धरून पाहिलं.

"हिला घरात जाताना वाकावं लागंल."

"फॅशनमध्ये असंच असतं, आबा."

"अन् पोट कुठं गेलं हिचं? काहून उपाशी ठेवली?" मग शीतलकडे वळून म्हणाले, "हिला एक भाकर दे. हिला म्हंजे कागदावरच्या न्हाई, ह्या काढणारीला. ही बी तशीच वाळून राह्यली."

ते माझ्यावर असे घसरायचे आणि मी त्यांच्यावर. कापड कापताना माझी कात्री अडखळायची तेव्हा बाहेरून आवाज यायचा, "तोंडाला धार हाय तेवढी कैचीला असू दे." पाठ आमच्याकडे असूनही त्यांना कसं कळायचं, देव जाणे. घरी माझ्याशी इतकं निवांत भांडायला कोणाला वेळ नव्हता. मला आबा फार आवडायचे आणि ते शीतलचे आहेत, माझे नाहीत, याचा मला चक्क राग यायचा.

दुसऱ्या वर्षी पुरुषांचे कपडे शिकायचे होते. वर्गातले सगळे पुतळे बायकांचे. पुरुषाचा पुतळा मागवला होता, तो येतच नव्हता. आमच्या मॅडम शिस्तीच्या. त्या खिडकीशी जाऊन थोडा वेळ बाहेर बघत राहिल्या आणि मग शीतलला म्हणाल्या, "तुझे आजोबा उभे राहतील का गं?"

आबा आधी नको म्हणाले. मग टोपी काढणार नाही, या बोलीवर आत आले. वर्गाच्या मधोमध हात पसरून, डोळे मिटून उभे राहिले. आम्ही सगळ्या टेप घेऊन भोवती. पण छातीचं माप घ्यायला कोणी पुढे होईना. एक डोळा उघडून ते म्हणाले, "हात लावा माय, मी काय तापला तवा हाय का?" मग खांदा झाला, बाही झाली, गळा झाला, पुन्हा खांदा झाला. प्रत्येकीला आपलं माप आपणच घ्यायचं होतं. शेवटी शेवटी ते म्हणाले, "बाजारात बैलाला बी एवढं मोजत न्हाईत. घ्यायचा असंल तर घ्या, न्हाईतर सोडा मला."

त्या मापांवरून आम्ही आधी मांजरपाटाचे आणि मग चांगल्या कापडाचे शर्ट शिवले. परीक्षेला बाहेरून एक सर आले. त्यांनी सगळ्यांचे शर्ट लांब टेबलावर ओळीनं मांडले. या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, परत आले, चष्मा पुसला. म्हणाले, "प्रत्येक शर्टाचा उजवा खांदा खाली का आहे? जालन्यातले सगळे पुरुष असेच आहेत का?"

आम्ही एकमेकींकडे बघायला लागलो. आबांनी उभं आयुष्य काठी, घोंगडं आणि नंतर जू-नांगर एकाच खांद्यावरून वाहिलं होतं. तो खांदा उतरलेला होता, आणि आम्ही इमानेइतबारे तो उतार कागदावर उतरवला होता. पुस्तकातल्या पुरुषाचे दोन्ही खांदे सारखे असतात, हे ऐन वेळी सगळ्याच विसरलो. मॅडमनी खिडकीकडे बोट दाखवलं. सरांनी आबांना आत बोलावलं आणि एकेक शर्ट त्यांच्या अंगात घालून बघितला. सगळे नेमके बसले. सरांना मार्क कसे द्यावेत ते कळेना. आबाच मदतीला आले.

"शर्टात काही खोट न्हाई, साहेब. बिघडलोय तो मी. पोरींना बराबर मार्क द्या, कापायचे ते माझे कापा."

सर हसले आणि मार्क मिळाले. आज मी पुण्यात कपड्यांच्या कारखान्यात पॅटर्न काढते. पुरुषाचा शर्ट आखताना उजव्या खांद्यापाशी माझा हात अजून खाली घसरतो, आणि खोडरबर घेऊन तो वर आणावा लागतो.

तिसऱ्या वर्षी आबांना दम लागायला लागला. जालना स्टेशनचा जिना चढताना ते दोनदा, तीनदा बसायचे. डॉक्टरांनी सांगितलं की जिना नाही, ओझं नाही, एवढं चालणं नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर शीतल वर्गात आली ती गुंडाळ्या स्वतःच्या खांद्यावर घेऊन. बाक रिकामा. मी विचारलं, "आबा?"

"बदनापूरला बसलेत," ती म्हणाली.

मग पुढच्या काही दिवसांत तिनं हळूहळू सांगितलं. आबा रोज सकाळी तिच्यासोबत घरून निघत होते. जीपनं बदनापूरपर्यंत येत होते. तिला गाडीत बसवून फलाटावरच्या बाकावर बसत होते आणि संध्याकाळच्या गाडीनं ती परत येईपर्यंत तिथंच थांबत होते. दुपारी फडक्यात बांधलेली भाकरी खायची, नळाचं पाणी प्यायचं, बाकावरच जरा पडायचं. डॉक्टरांचं बोलणं त्यांनी घरी कळूच दिलं नव्हतं; घरी समजत होते की आबा जालन्याला जातात.

एका शनिवारी लवकर सुटल्यावर मी मुद्दाम शीतलबरोबर बदनापूरला गेले. आबा फलाटावर होते. आम्ही खूप दिवसांनी भेटत होतो, पण त्यांनी पहिलं काय म्हटलं, तर "अजून वाळलीस."

मी म्हटलं, "आबा, तुम्ही घरी खोटं बोलता म्हणे."

"बिलकुल न्हाई. पोराला सांगितलं, पोरीसंगं जातो. जातोच की. कुठवर जातो ते त्यानं कधी विचारलं न्हाई."

"आणि कळलं तर?"

"कळंलच. कळायच्या आत जितकं शिकून होईल तितकं होऊ दे."

आम्ही सगळ्या त्या भीतीत शिकत होतो. परीक्षेचा अभ्यास एक आणि हा एक. शीतलला एखाद्या दिवशी उशीर झाला की वर्गात कोणी बोलायचं नाही. ती दारात दिसली की मॅडमसुद्धा हुश्श करून पुस्तक उघडायच्या. मॅडमना कोणी सांगितलं होतं, मला माहीत नाही.

शेवटच्या वर्षाच्या प्रदर्शनाला थोडे दिवस उरले होते. शीतलच्या कपड्यांवरचं हातकाम राहिलं होतं, म्हणून रविवारी मदतीला राहायचं ठरवून मी शनिवारी तिच्याबरोबर निघाले. संध्याकाळी गाडी बदनापूरला थांबली. आम्ही दोघी मोठी पिशवी ओढत उतरलो. बाकावर आबा होते आणि त्यांच्या शेजारी शीतलचे वडील. कोणा पाहुण्याला गाडीत बसवायला ते दुपारी स्टेशनवर आले होते आणि तिथं त्यांना आपला बाप बसलेला सापडला होता. तेव्हापासून दोघंही तिथंच होते.

शीतल जागच्या जागी थांबली. वडील तिच्याशी बोललेच नाहीत. आबांना म्हणाले, "ही एकटी गेल्ती?"

"हाव."

"आजच?"

"दिवाळीपासून."

"अन् मला सांगावं वाटलं न्हाई तुम्हाला?"

"काय सांगू? तू भेला असतास," आबा म्हणाले. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "दिवाळीपासून जाऊन राह्यली, येऊन राह्यली. ही बघ, पुढ्यात उभी हाय. काही कमी झालीय का तिच्यातलं? बघ नीट."

वडिलांनी तिच्याकडे खरंच नीट बघितलं. मला वाटतं, खूप दिवसांनी बघितलं असावं. मग विचारलं, "भ्या न्हाई वाटलं?"

"पहिल्यांदा वाटायचं," शीतल म्हणाली. "मंग न्हाई."

ते उठले, पिशवी उचलली, म्हणाले, "चला. अंधार पडंल." बस, एवढंच. रविवारभर आम्ही शीतलच्या कपड्यांवर मणी शिवत होतो आणि त्या घरात त्या विषयावर चकार शब्द निघाला नाही. शीतलला जेवण गेलं नाही. सोमवारी जायचं की नाही हे विचारायची तिची हिंमत नव्हती आणि माझ्यासारख्या फटकळ पोरीचीही जीभ उचलत नव्हती.

शीतलनं पदवी घेतली. आता ती सुरतेला एका कंपनीत नक्षीकामाची डिझाइनं करते, एकटी राहते, एकटी फिरते. निकाल लागल्यानंतरच्या थंडीत आबा गेले. मला वेळेत पोचता आलं नाही. मस्तगडच्या आमच्या दुकानात, भांड्यांच्या मागे बसून मी खूप रडले. वडील विचारत होते, कोण गेलं गं, तर मला धड सांगताही येईना की ते माझे कोण होते.

पण आबा म्हटलं की मला तो सोमवार आठवतो. सकाळी शीतलच्या वडिलांनी मोटारसायकल काढली आणि म्हणाले, "बसा दोघी. मी सोडतो स्टेशनवर." शीतलनं माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली. मागून काठी टेकत आबा आले. वडील म्हणाले, "तुम्ही ऱ्हावा आता घरी. आता ती जाईल एकटी. मी काही म्हणत न्हाई." आबांनी ऐकल्यासारखं केलं आणि आमच्या मागोमाग जीपनं आलेच.

गाडी आली. आम्ही चढलो. खिडकीतून मला दिसत होतं, आबा बाकावर टेकले होते आणि शीतलचे वडील मोटारसायकलची किल्ली हातात घेऊन त्यांच्यासमोर उभे होते.

"आबा, चला ना. आता काहून बसता? मी म्हणलो ना, तिची ती येईल संध्याकाळी."

"तू व्हय पुढं."

"अन् तुम्ही?"

गाडी हलली. आबांनी भाकरीचं फडकं शेजारी ठेवलं आणि मुलाकडे वर बघून म्हणाले, "घरी बसून मी कुणाची वाट बघू?"