शहाबादीवरचं पक्कं कमळ

चतुराबाईंच्या दोन्ही दारांपुढच्या शहाबादी फरशीवर मी पांढऱ्या ऑइल पेंटनं रांगोळी काढली, तेव्हा आपण मोठं डोकं चालवलं असंच मला वाटलं होतं. कोठीच्या बाजारातून डबा-ब्रश आणला, ठिपके जुळवून कमळ काढलं. म्हटलं, महिनाभर पहाटे उठायची कटकट मिटली. कॉम्प्युटर शिकायला आलेला माणूस मी. एकदा केलेलं काम पुन्हा करायचं नाही, एवढंच तोवर शिकलो होतो.

शहाण्णव सालची गोष्ट. उदगीरहून शहरात येऊन मी दिलसुखनगरच्या मागच्या वस्तीत एकनाथरावांच्या घरी खोली घेतली होती. शेजारचं घर चतुराबाईंचं. दोन खोल्या, मागे मोठं परसू, त्यात लिंबोणीची दोन झाडं, कढीपत्ता, आठ कोंबड्या आणि मागच्या गल्लीत उघडणारं फाटक. नवरा काचीगुडा स्टेशनवर पार्सलची ओझी उचलायचा. त्यानं ही जागा साध्या कागदावर घेतली, दोन अंगठे आणि एक सही. नवरा गेला, कागद उरला. बाईंनी लिंबं, अंडी, कढीपत्त्याच्या जुड्या विकून लेकीचं, त्रिवेणीचं, लग्न केलं. मला भेटल्या की विचारायच्या, "ए कम्पूटर, ती पेटी तुला वळखाय लागली का नाही अजून?"

त्रिवेणीच्या दुसऱ्या बाळंतपणाला त्या नांदेडला निघाल्या. कोंबड्या एकनाथरावांकडे दिल्या. मला दिली झाडांच्या पाण्यासाठी घराची किल्ली आणि रांगोळीचा गच्च भरलेला पत्र्याचा डबा.

"दोन्ही दारांना रोज. मागच्या फाटकाला बी."

"मावशी, मी बाप्या माणूस. लोक हसतील."

"हसू दे की. चार ठिपके टाक, तुला कोण हळदीकुंकवाला बोलवायलंय? नीट ऐक. स्कूटरवाले फिरायलेत रिकाम्या जागा हुडकत. माझा कागद कच्चा हाय. ताजी रांगोळी दिसली की त्यांना कळतंय, घरात माणूस हाय. चुकू नक्को."

"हौ," मी म्हटलं.

"वहिनी, आम्ही आहोत ना!" एकनाथराव म्हणाले. "निर्धास्त जा."

चार दिवस मी इमानानं उठलो. पाचव्या दिवशी पेंट आणला. मग झाडांना पाणी घालायला रविवारी तेवढा जायचो. वस्तीत बांधकामांच्या ठोकाठोकीचा आवाज रोजचाच, त्यात वेगळं काय ऐकू येणार?

तिसऱ्या रविवारी बादली घेऊन मागचं दार उघडलं, तर समोर हातभरावर विटांची कोरी भिंत. पाणी तिथंच सांडून मी मागच्या गल्लीत पळालो. जुन्या फाटकाच्या जागी नवं लोखंडी फाटक, वर कुण्या प्लॉट विकणाऱ्या व्हेंचरचा बोर्ड. आत लिंबोणीची झाडं आडवी पडलेली. फाटकापुढचं माझं कमळ मात्र शाबूत होतं. त्याच्यावर खुर्ची टाकून एक माणूस बसला होता.

"ये किसका घर है मालूम?" मी ओरडलो.

"किसी का नै," तो म्हणाला. "रंगोली देखो, पंद्रा दिन से वैसीच है. बाजूवाले ने लिख के दिया."

बाजूवाले म्हणजे माझे घरमालक. एकनाथराव नाश्ता करत होते. ताटात ऑम्लेट होतं.

"त्यांनी विचारलं, जागा वापरात आहे का. मी काय खोटं बोलू? रांगोळीसुद्धा बदलत नाही, असं लिहून दिलं."

"काका, ती मी काढलेली! तुम्हाला माहीत होतं!"

"मग तुझ्याच सहीनं गेली म्हण की," ते म्हणाले आणि पाव मोडला. पुढच्या आठवड्यात त्यांच्या मागच्या भिंतीला त्या परसात उघडणारं दार बसलं.

बाई परतल्या तेव्हा मी बसस्टॉपवरच सगळं सांगितलं. वाटलं होतं, कानाखाली वाजवतील. घरी येऊन त्यांनी डबा मागितला, झाकण काढलं, आत बोट बुडवून पाहिलं.

"चारच दिवस?"

"हौ."

त्यांनी खुरपं घेतलं आणि पुढच्या दारातलं कमळ खरवडत बसल्या. खुरप्याची धार गेली, कमळ काही गेलं नाही.

वकिलानं कागद पाहिला. हसला नाही, हेच खूप. मी साक्ष देतो म्हटलं. "कशाची? पेंटची?" त्यानं विचारलं. परसाशिवाय बाई विकणार काय? दसऱ्याच्या आत त्यांनी दोन खोल्याही त्याच बोर्डवाल्यांना देऊन टाकल्या. त्या नांदेडला लेकीकडे निघाल्या तेव्हा मी पाया पडलो, माफी मागितली. त्यांनी डबा माझ्या हातात ठेवला.

"हा रिकामा करून आण. रोज थोडा थोडा. मग बघू."

आता मला नोकरी आहे, तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे, दारात शहाबादीऐवजी टाइल्स आहेत. इथं आल्यावर दोन दिवस पहाटे उठून चार ठिपके टाकले. तिसऱ्या दिवशी रविवार होता, झोप लागली. नांदेडचा पत्ता माझ्याकडे आहे, गाडी रोज आहे. डबा कपाटात आहे, जवळजवळ झाकणापर्यंत भरलेला.