आपल्या हातानं कापलेला ताणा

नत्थूजी नंदनवारांच्या आयुष्यात मान ताठ करून सांगावी अशी गोष्ट एकच, आणि ती तांडापेठेतल्या पानठेल्यावर उभं राहणाऱ्या प्रत्येकाला पाठ. हातमागाचे दिवस भरत आले होते तेव्हाची. मालक एकेक विणकर कमी करत होता. त्याची रीत अशी, की चालत्या मागासमोर येऊन उभं राहायचं आणि काही न बोलता कात्रीनं ताणा कापायचा. ताणा म्हणजे मागावर चढवलेले उभे धागे. ते कापले की अर्धवट लुगडं खाली लोंबतं, आणि बाजूच्या मागावरची माणसं आपल्याकडे पाहायचं टाळतात. पुढची पाळी आपली हे नत्थूजींना कळलं. दुसऱ्या दिवशी मालक यायच्या आत त्यांनी स्वतःच ताणा कापला, लुगड्याची नीट घडी करून मालकाच्या गादीवर ठेवली आणि आडवा धागा नेणारा धोटा खिशात घालून घरी आले.

"माह्या मागाले त्यानं हात नाई लावला," एवढं म्हणून ते तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पन्नी उघडत. पुढे शहराच्या टोकाला बेसाकडच्या एका इमारतीवर चौकीदारी धरली, ती अजून सुरू आहे. पण पानठेल्यावर ते विणकरच राहिले.

त्यांचा थोरला, पंकज, शारजाला गेला. तिथल्या गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचा. चांगलं चाललं होतं, आणि मग कंपनीनं त्या गोदामाला कुलूप लावायचं ठरवलं. सुपरवायझर गोड बोलणारा माणूस. म्हणाला, काढून टाकल्याचा कागद घेऊन कुठं फिरता, त्यापेक्षा राजीनामा लिहून द्या, नाव साफ राहील. सोबतच्या पोरांनी नुसती मान हलवली आणि काही लिहून दिलं नाही. पंकजनं घरी फोन लावला.

नत्थूजींना विचार करावा लागला नाही.

"त्याच्या हातानं काहून कापू देतं गा? तू काप."

पंकजनं त्याच संध्याकाळी राजीनामा लिहिला.

नोकरी गेली तर काही महिने हाताला आधार मिळावा म्हणून तिथं सरकारचा एक विमा आहे. सगळ्यांसारखे पंकजनंही त्याचे हप्ते भरले होते, एक चुकवला नव्हता. तो मदत मागायला गेला तेव्हा खिडकीवरच्या केरळच्या मुलीनं हिंदीतून शांतपणे समजावलं. हा पैसा ज्याला कंपनीनं काढलं त्याच्यासाठी आहे. तुम्ही नोकरी स्वतः सोडली. त्यानं सांगून पाहिलं की गोदामच बंद होणार होतं, मी लिहिलं नसतं तरी नोकरी जाणारच होती. ती म्हणाली, मग लिहिलं का? या प्रश्नाचं उत्तर हिंदीत सांगता येण्यासारखं नव्हतं.

कंपनीच्या कागदाची वाट पाहणाऱ्यांना ती मदत मिळाली. तिच्यावर तग धरून दोघांनी दुसऱ्या गोदामात काम शोधलं. पंकजचा हात रिकामा झाला आणि तो परत आला. तो देश सोडल्यावर मागायलाही जागा उरत नाही.

घरी त्यानं हे फक्त दामिनीला, बायकोला सांगितलं. बापाला सांगावं असं मनात होतं. पण तोवर पानठेल्यावर नत्थूजींच्या गोष्टीला दुसरी गोष्ट जोडली गेली होती, पोरगंही बापावर गेलं, नोकरीले लाथ मारून आलं. ती ऐकून आलेली माणसं पंकजच्या पाठीवर थाप मारत. त्या पाठीवर तो आता मौदा रोडवरच्या एका गोदामात पोती वाहायचा. तिथं फोर्कलिफ्ट होती, पण ती चालवायला मालकाचा साळा होता.

पावसाळा सरता सरता एका रविवारी दुपारी सगळे जेवायला बसलेले असताना चंदनचा फोन आला. चंदन नत्थूजींच्या धाकट्या भावाचा मुलगा, तोही शारजात, दुसऱ्या कंपनीत. रुख्माबाईंनी, नत्थूजींच्या बायकोनं, फोन स्पीकरवर ठेवला. चंदनचं रडगाणं तेच होतं. माणसं कमी करून राहिले, राजीनामा द्या म्हणून राहिले, उद्या उत्तर द्यायचं आहे.

नत्थूजींनी घसा साफ केला. हातात घास तसाच धरून त्यांनी मालकाच्या कात्रीपासून सुरुवात केली. दामिनीनं भाजीचा चमचा भांड्यात ठेवला आणि नवऱ्याकडे पाहत राहिली. गोष्ट लुगड्याच्या घडीपर्यंत आली तेव्हा पंकज बोलला.

"चंदन, लिहू नको."

"काहून गा?" नत्थूजी म्हणाले.

पंकजनं बापाकडे पाहिलं नाही. तो फोनशीच बोलत राहिला. "म्या लिहिलं, म्हणून मले विम्याचं काही भेटलं नाई. सोबतच्या पोरायनं नाई लिहिलं, त्यायले भेटलं."

"पण दादा, मोठेबाबा तं सांगत होते, तू लाथ मारून आला."

"लाथ कायची बे. बाबानं सांगतलं, म्या ऐकलं."

मग चंदननं विचारलं, "मंग काढू देऊ?"

"काढू दे. त्यायच्या हातचा कागद घे. तो भेटला का महिन्याच्या आत अर्ज टाक. अन् इकडं यायचं नाव घेऊ नको."

फोन बंद झाला. रुख्माबाई उगाच मिठाची वाटी इकडून तिकडे सरकवत होत्या.

"तवा काहून नाई सांगतलं?" नत्थूजींनी विचारलं.

"सांगून का होत होतं, बाबा?"

नत्थूजींनी घास ताटात परत ठेवला आणि ताटातच हात धुतला. अर्धी भाकर तशीच होती. या घरात ताटात अन्न ठेवून कुणी उठत नाही.

संध्याकाळी ड्यूटीवर निघताना ते रोजच्यासारखे पानठेल्यावर थांबले. खर्रा घोटता घोटता ठेलेवाल्या रुपरावनं चंदनचं विचारलं. बातमी गल्लीत आली होती.

"काढून राहिले त्याले," नत्थूजी म्हणाले.

"मंग तुम्ही रस्ता दाखवला असन. पंकजले दाखवला तसा."

बाकड्यावरचे दोघं ऐकायला सरसावून बसले. गोष्ट कुठून सुरू होते ते त्यांना माहीत होतं. नत्थूजींनी पन्नी हातात घेतली, पण उघडली नाही.

"पंकजले म्या घरी आणलं," ते म्हणाले.

"चांगलं केलं नं," रुपराव म्हणाला. "पोरगं डोळ्यासमोर असलेलं बरं."

नत्थूजींनी त्याच्याकडे पाहिलं. मग त्यांनी पन्नी वरच्या खिशात टाकली, चौकीदाराची टोपी घातली आणि बेसाकडे जाणाऱ्या ऑटोला हात दाखवला.