हरळी, साळुंक्या आणि टांगेवाले तात्या

स्वतःच्या पोटाआधी घोडीच्या पोटाची काळजी वाहणारा माणूस सबंध सोलापुरात एकच होता, आणि तो आमचा शेजारी होता, हे माझं भाग्य म्हणा की भोग. हे टांगेवाले तात्या. घोडीचे दात म्हातारपणी पडलेले, कडबा चावेना, म्हणून त्यांनी अंगणभर हरळी लावली होती. एकदा माझी वहाण तिच्यावर टेकली, तर म्हणाले, "मास्तर, तुमच्या ताटात कुणी पाय दिला तर चालंल का?" रोज सकाळी एक काडी स्वतः चावून बघत, गोड लागली तरच घोडीला सोडत. तिचं पोट भरल्याशिवाय टांगा जुंपायचा नाही. त्यापायी माझ्या दोन भाच्यांच्या लग्नांचे मुहूर्त चुकले, अहो!

पण त्यांचं खरं वैर साळुंक्यांशी. त्या हरळीत चोची खुपसून माती उकरायच्या. "गवत उपटत्यात सटव्या!" म्हणत तात्या गोफण फिरवायचे. महिन्याभरात एक पाखरू अंगणात उतरेना. मीही शाबासकी दिली. मला तरी कुठं कळत होतं!

श्रावण सरला आणि चांगला पाऊस होऊनही हरळी पिवळी पडली. तात्यांनी शेणखत घातलं, दृष्ट लागली म्हणून लिंबू-मिरच्या बांधल्या. घोडीच्या बरगड्या दिसायला लागल्या. शेवटी मंगळवेढ्याकडचा एक म्हातारा धनगर घोंगड्या विकायला आला, त्यानं मूठभर गवत धरून ओढलं. गोधडी उचलावी तशी हरळी वर आली. मुळं नव्हतीच, खाली पांढऱ्या, वाकड्या अळ्या वळवळत होत्या.

"हुमणी हाय ही, मुळं खाती," तो म्हणाला. "साळुंक्या हिलाच तर येचून खात्यात की. तुमी त्यास्नी येऊ दिलं न्हाय व्हय?"

तात्यांनी गोफण चुलीत घातली. दुसऱ्या दिवसापासून अळ्या वेचून भिंतीवर ठेवायचे आणि हाका मारायचे, "या गं बायांनो, या की!" साळुंक्या समोरच्या लिंबावर बसून बघायच्या. पण बोलवायला तात्यांचा हात वर झाला की भुर्रकन उडून जायच्या. मला ते बघवत नसे.

घोडी दसऱ्याच्या आतच गेली. टांगा पुन्हा जुंपला नाही.

पुढच्या वर्षी हरळी आपली आपण फुटली, साळुंक्याही उतरू लागल्या. तात्या ओसरीवर दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलेले असत. "हे काय, तात्या?" मी एकदा विचारलं.

"हळू बोला, मास्तर," ते म्हणाले. "हात हालला तर उडून जात्याल की."